रोमच्या पडक्या भिंतींना अर्धा तास

हे खरं तर मी कुणाला सांगायचं नाहीये. "व्हिसा येईपर्यंत तोंडातून अक्षर काढू नका," असं पप्पांनी बजावलंय. पण शिर्डीत आमचं बारा खोल्यांचं लॉज आहे, आणि लॉजवर किस्से विसरलेल्या चार्जरसारखे साठत जातात. परत मागायला कुणी येत नाही! मी फारशी बोलत नाही, म्हणून लोक माझ्यासमोर सगळं बोलतात.

"दहावीनंतर कुठं जायचं ते तू सांग," हा शब्द पप्पांचाच. त्यांच्या मनात महाबळेश्वर होतं. मी हळूच म्हणाले, "रोम." तिथले जुने अवशेष मला पायी फिरून बघायचे होते. मी नकाशाही काढला: इथून कमान, तिथून बाजारचौक, मग पडकी देवळं. पूर्ण दोन दिवस.

पप्पांनी नकाशा पाहिला. "दोन दिवस? आपले गेस्ट एका दिवसात शिर्डी, शिंगणापूर आणि वेरूळ करतात! पडक्या भिंतींना काय लागतं? दर्शन झालं की निघायचं."

"कुणाचं दर्शन?"

"जे असेल त्याचं!"

आणि माझ्या नकाशावर त्यांनी पेनाने लिहिलं: 'अर्धा तास'. वर कारण काय, तर "तुझ्या आईचे गुडघे!"

*

मग त्यांनी रोममधल्या एका लॉजला फोन लावला. गरम पाणी किती वाजेपर्यंत? जास्तीची गादी मिळेल का? चेक-आउट जरा उशिरा चालेल का? गेस्टनी हेच विचारलं की पप्पांचं डोकं फिरतं.

तिकडून माणसं किती, असं विचारलं असावं. पप्पा म्हणाले, "थ्री. बट वन इज स्मॉल!"

मी सोळा वर्षांची आहे. पप्पांपेक्षा दोन बोटं उंच.

*

गुप्तता पाळायची होती ना? घोडेगावच्या मामाला पप्पांनीच सांगितलं. मामा बाजारात म्हशींचे सौदे करतो. तो नकाशा बघत बसला.

"हे पडलं कवा?"

"दीड हजार वर्षं तरी झाली, मामा."

"आन अजून कुनी उचललं न्हाई?"

मी कपाळावर हात मारला. पण 'अर्धा तास' वाचल्यावर तो पप्पांकडे वळला. "दाजी, म्हस घेताना बी आमी चारी बाजूनी फिरतो, तिला चालवून बघतो. अर्ध्या तासात उरकलं म्हंजी फसलाच तुमी!"

पप्पा म्हणाले, "आम्हाला ते विकत घ्यायचं नाहीये!"

*

आणि परवाचं ऐका. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका तणतणत काउंटरवर आले. "रोज दुपारी आमच्या डोक्यावर कोण चालतं हो?"

पप्पा तावातावाने गच्चीवर गेले. मागोमाग मी.

गच्चीभर चादरी वाळत होत्या. एका दोरीला चिमट्याने माझा नकाशा लावला होता. चादरींच्या मधून, साडी खोचून आणि माझे स्पोर्ट्स शूज घालून, आई झपाझप चालत होती. मध्ये मध्ये बादल्या पालथ्या ठेवल्या होत्या.

"हे काय चाललंय?" पप्पांनी विचारलं.

"सरका. ते खांब आहेत."

"अगं, तुझे गुडघे..."

"गुडघे तुमचे दुखतात. माझ्या नावावर खपवू नका!" आई थांबलीसुद्धा नाही. "आणि तुम्ही उभे आहात ते देऊळ आहे. चपला काढा."

मे महिन्यातली गच्ची! पप्पांनी मुकाट्याने चपला काढल्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत म्हणाले, "पुढं कुठं वळायचं?"

आईने दोन चादरींमधल्या फटीकडे, म्हणजे कमानीकडे, बोट दाखवलं. दोघं चादरींच्या मागे गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाहेर येईनात. शेवटी मी डोकावले. पप्पांच्या एका हातात माझा नकाशा, दुसऱ्या हातात पेन. 'अर्धा तास' त्यांनी खोडला होता आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं... थांबा हं, खालून पप्पांची हाक येतेय, बसभर गेस्ट आलेत वाटतं, मी आले, तर वर लिहिलं होतं, पूर्ण दोन