मनीची दृष्ट

मुलांनो, शेजारच्या बाई रोज मांजर कडेवर घेऊन माझ्याकडे चहाला येतात. त्या मांजराच्या पिसवा आमच्या सोफ्यात शिरल्या होत्या.

“आमच्या मनीला पिसवा न्हाईत की, आक्का!” असं ठणकावून सांगताना त्या स्वतःचाच घोटा खाजवत असत.

मांजराला औषध लागल्याशिवाय माझ्या घराची सुटका नव्हती. शेवटी मी गुरांच्या डॉक्टरांकडून मानेवर सोडायचे थेंब आणले आणि म्हटलं, “मनी फार देखणी आहे हो. हे दृष्ट काढायचं औषध लावा तिला.”

त्यांनी तिथंच लावलं.

आठवड्याने एका हाताने पाठ खाजवत, चहा फुंकत त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “मनीची दृष्ट उतरली बघा, आक्का. आता आमच्या गादीला लागलीया. तिची कशी काढायची?”