चौथी बरगडी

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर एक फोटो लावलेला आहे. त्यात माझी कारवानी कुत्री उभी आहे. पुढचे पाय सरळ, मागचे जरा मागे ताणलेले, मान उंच. शेजारी मी, नवा शर्ट घालून, एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात ट्रॉफी. हा फोटो काढल्यापासून बाविसाव्या दिवशी ती गेली. बायको म्हणते, काढून टाका ना तो. मी काढत नाही. घरी येणारा पाहुणा फोटो बघून "वा, काय देखणं जनावर!" म्हणतो, तेव्हा मी मान हलवतो आणि पाणी आणायला आत जातो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. ही कुत्री मला मिळाली त्याला आता नऊ वर्षं होतील. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न मैंदर्गीच्या पुढच्या एका खेड्यात होतं. जेवणावळीला वेळ होता म्हणून मी शेताकडं फिरायला गेलो, तर बांधावर दोन कुत्री उभी. लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. तीस वर्षं मी पोरांना सांगत आलोय की रेषा एका दमात ओढा, खोडरबर हातात घेऊ नका. त्या बांधावर कुणीतरी तशी रेषा ओढून ठेवली होती. मी लग्नात जेवलो की नाही हेही मला आठवत नाही.

ती कुत्री एका म्हाताऱ्या मेंढपाळाची होती. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. माणसांशी मराठीत बोलायचे, कुत्र्यांशी कानडीत. "बा इल्ली" म्हटलं की जनावर वाऱ्यासारखं येऊन पायाशी बसायचं. पिल्लू मागितलं तर लगेच देईनात. "शहरात कुटं पळंल ती?" म्हणाले. मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला एक पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या कुशीवरून बोट फिरवत मला समजावलं.

"सर, मोठी झाल्यावर हिच्या तीन बरगड्या दिसाया पायजेत. लई खाऊ घातलं तर झाकून जातील, मंग ती पळायची न्हाय. पर चौथी दिसली की घरात बसू नगा. हितं आणा, न्हायतर डॉक्टरकडं न्या. चौथी दिसली की आमी हातातलं काम सोडतो."

मी "व्हय व्हय" म्हणालो. लक्ष सगळं पिल्लाच्या मानेकडं होतं.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कारवानी कुत्रं म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. ती वर्षाची झाली आणि लोकांनी मला सळो की पळो करून सोडलं. अनोळखी माणूस स्कूटर थांबवून विचारायचा, "काय हो, खायला देत नाही का हिला?" दूधवाला तर एकदा म्हणाला, "सर, परवडत नसंल तर सांगा, पाव लिटर जास्त घालतो." सगळ्यात जास्त ताप समोरच्या अक्कांचा. त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. अक्का दिवसभर दारात विड्या वळत बसायच्या आणि तिला "बंगारू, बंगारू", म्हणजे सोनं, अशी हाक मारून भाकरीचा तुकडा टाकायच्या. एक दिवस माझा पारा चढला. भर गल्लीत म्हणालो, "अक्का, हे खानदानी जनावर आहे. गल्लीतल्या कुत्र्यासारखं शिळंपाकं टाकू नका त्याच्यापुढं." अक्कांनी विड्यांचं सूप मांडीवर ओढून घेतलं आणि खाली बघून वळत राहिल्या. भाकरी ताजी होती, हे मला बायकोनं नंतर सांगितलं.

असा मी आहे. रागावलो की मला चांगलं बोलता येतं, आणि तेच नडतं.

मग प्रदर्शनांचा नाद लागला. आमच्याकडं थंडीत एखादं प्रदर्शन भरतं, मैदानावर मांडव घालतात, लाऊडस्पीकरवर कुत्र्यांचे नंबर पुकारतात. मला तिथली माणसं आवडायची आणि त्यांची कुत्री बघून राग यायचा. लॅब्राडोर म्हणजे चालत्या गाद्या. एका व्यापाऱ्यानं हस्की आणलेला, बर्फातलं बिचारं जनावर, अंगावर ओला टॉवेल टाकून टेबलफॅनसमोर बसवलेलं. मी त्या मालकाला दोन शब्द सुनावले. आपण सोलापूरच्या मातीतलं कुत्रं पाळतो, त्याला हवं तसं ठेवतो, याचा मला फार तोरा होता.

पहिल्या वर्षी ती देशी जातींच्या गटात दुसरी आली. परीक्षक बाहेरगावचे होते. त्यांनी तिचे दात बघितले, चालवून पाहिलं, कुशीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सुंदर आहे, पण जरा भरलीय. रेषा झाकली जातेय."

रेषा! आणि हे मला, चित्रकलेच्या मास्तराला ऐकावं लागलं. घरी येताना रिक्षात मी तिच्याशी बोललोसुद्धा नाही.

पुढच्या प्रदर्शनाच्या अडीच महिने आधी मी तयारी सुरू केली. सकाळी शाळेच्या आधी तलावाच्या कडेनं सायकलबरोबर पळवायचं. भाकरी अर्धी केली, दूध बंद, उकडलेली कोंबडी मोजून. पहिले पंधरा दिवस ती रिकामं भांडं चाटत माझ्याकडं बघायची आणि मला वाईट वाटायचं. मग एक दिवस तिनं त्या अर्ध्यातलंही अर्धं ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ठेवलं. शिक्षकांच्या खोलीत मी हसून सांगितलं, "आमची बाई आता स्वतःहून डाएट करायला लागली." सगळे हसले.

बायको म्हणाली, "अहो, पाण्याचं भांडं दिवसातून चार वेळा भरतेय मी. इतकं पाणी का पिते ही?"

"सोलापुरात थंडीतही ऊनच असतं," मी म्हणालो. "आणि पळवतो तिला. तहान लागणारच."

त्याच आठवड्यात अक्कांनी मला दारात गाठलं. त्या भांडणानंतर त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, त्या दिवशी आपणहून उठून आल्या. "सर, रागावू नका. मी अधूनमधून चोरून भाकरी टाकत होते बंगारूला. काल टाकली तर नुसता वास घेतला अन् गेली. आजपण तसंच केलं की. मला काय बरं दिसंना."

मी यातलं "चोरून भाकरी टाकत होते" एवढंच ऐकलं. इतके दिवस मी घाम गाळतोय आणि या बाई माझ्या पाठीमागं भाकऱ्या टाकतायत! मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यांचा नातू बाहेर आला, माझ्याकडं बघितलं आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला. पुढचं वाक्य, ती भाकरी हुंगून गेली हे, मला तेव्हा ऐकूच आलं नाही. आता रोज ऐकू येतं.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी मी तिचं चित्र काढलं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि ती फरशीवर आडवी पडली होती. कुशीवर चार रेषा मऊ पेन्सिलीनं काढल्या. पाठीचा उतार, नितंबाचं हाड, सगळं एका बैठकीत जमलं. इतकं चांगलं चित्र माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी खाली सही केली.

प्रदर्शनात परीक्षक वेगळे होते. मी तिला उभं केलं आणि ती उभी राहिली. गेल्या वर्षी दोन मिनिटं एका जागी ठरत नव्हती, स्पीकरचा आवाज झाला की उडायची. या वर्षी पाय हलवला नाही, मानसुद्धा नाही. मला वाटलं, शिकवलेलं कामी आलं. परीक्षकांनी तिच्या कुशीवरून हात फिरवला आणि बाकीच्या मालकांना जवळ बोलावलं. "बघून घ्या. देशी हाउंड अशा कंडिशनमध्ये पाहिजे," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं मला हसायला सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिनं उलटी केली, पिवळी. मग दिवसभर काहीच नाही, नुसतं पाणी आणि पुन्हा उलटी. डॉक्टरांनी रक्त काढलं. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"आम्हीच उतरवलं," मी म्हणालो. "प्रदर्शनासाठी."

"किती उतरवायचं ठरवलं होतं?"

मी काही ठरवलंच नव्हतं. जितकी बारीक होत गेली तितका खूश होत गेलो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात, सुरुवात होऊन दोन महिने तरी झाले असतील, वेळेत आली असती तर काही वर्षं काढली असती. ते आवाज न चढवता बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रोज सलाईन सुरू झाली. मी शाळेतून रजा घेतली. आता मी तिला काहीही द्यायला तयार होतो, दूध, अंडी, मटण, बालुशाही. ती तोंड फिरवायची. एका दुपारी बायको मला न विचारता समोर गेली आणि अक्कांना घेऊन आली. अक्कांनी ताकभात कालवून आणला होता. फरशीवर बसून त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, बोटावर भात घेऊन "तिनू, बंगारू, तिनू", खा गं खा, म्हणत राहिल्या. तिनं दोनदा बोट चाटलं. अठरा दिवसांत तिनं मनानं खाल्लं ते तेवढंच. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला रडू आलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. अक्कांची माफी मी मागितली, पण त्या तिच्याकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शहराबाहेर एका मित्राच्या शेतात, लिंबाखाली पुरली. ट्रॉफीही खड्ड्यात टाकावी असं मनात आलं होतं. टाकली नाही. तिच्याबरोबर ती कशाला द्यायची?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अण्णांच्या गावी गेलो. खरं सांगायचं तर बातमी सांगायला गेलो नव्हतो, बातमी फोनवरही सांगता आली असती. त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं कळलं होतं. घर रिकामं वाटत होतं, आणि माणूस निर्लज्ज असतो.

अण्णा आता थकले आहेत. ती गेल्याचं मी दारातच सांगितलं. त्यांनी मला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि एक पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. गोबरं, दुधाचा वास येणारं. ते माझ्या अंगठ्याला चावायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "कशानं गेली वं?"

"किडन्या खराब झाल्या, अण्णा. कळलंच नाही." मी मोबाईल काढला. "मरायच्या आधी पहिली आली होती. हा बघा."

त्यांनी मोबाईल उन्हापासून आडोशाला धरला, डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग करंगळीच्या नखानं त्या काचेवर, तिच्या कुशीवर, एकेक टेकवत मोजलं. एक. दोन. तीन. चार. नख तिथंच राहिलं.

"ह्यो कवाचा फोटू?"

"जिंकली त्या दिवशीचा."

"मंग तुमास्नी चौथी दिसली न्हाय?"

न्हाय म्हटलं असतं तर भागलं असतं. शहरातला मास्तर, त्याला कुठलं कळतंय, म्हणाले असते. पण घरी कपाटात ते चित्र होतं, आणि त्याखाली माझी सही होती.

"दिसली होती, अण्णा," मी म्हणालो. "मला ती आवडली."

अण्णांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. चहाची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग वाकून माझ्या मांडीवरचं पिल्लू दोन्ही हातांनी उचललं आणि आत घेऊन गेले.