वाघमुखी घराचा फोटो

माझ्याकडे एक फुगीर काचेची लेन्स आहे. फिशआय म्हणतात तिला. नागपूरच्या एका फोटोग्राफरने धंदा बंद केला तेव्हा मी ती जुनीच विकत घेतली, आणि पुढचे काही महिने माझे पाय जमिनीवर नव्हते. या लेन्समधून समोरचं तर दिसतंच, दोन्ही बाजूंच्या भिंतीही दिसतात, आणि जरा बेसावध राहिलं तर स्वतःच्या चपलासुद्धा फोटोत येतात. वर्ध्यात माझा लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो आणि बारशी यांतून वेळ उरला की मी घरांचे, इमारतींचे फोटो काढते आणि तेच आपलं खरं काम आहे असं मनातल्या मनात समजते.

सावंगीला विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारे घरमालक हे या लेन्सचे पहिले गिऱ्हाईक. दहा बाय दहाची खोली मी कोपऱ्यात पाठ टेकवून अशी टिपायचे की लग्नाचा हॉल वाटावा. एकदा एका मुलीचे वडील मोबाइलवर तो फोटो उघडून खोलीत आले. पलंगापलीकडे काहीच नाही हे पाहून ते बाहेर गेले आणि पुन्हा आत आले. मग बाकीची खोली कुठे आहे, असं त्यांनी मालकाला अगदी सभ्यपणे विचारलं. हा किस्सा मी कितीतरी जणांना हसत हसत सांगितला आहे. आंजी गावातल्या एका घराच्या प्रकरणापासून तो सांगताना मला तेवढं हसू येत नाही.

आंजीची एक बाई वर्ध्याच्या बाजारात भाजी घेऊन बसते. शेत तिचं आणि नवऱ्याचं, पिकवतात दोघं, विकते ती. मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच वांगी आणि मेथी घेते, तिला वहिनी म्हणते, ती मला ताई म्हणते. टोपलीमागे बसलेली असली की कळत नाही, पण उठली की आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. सासरच्या घरी स्वयंपाकघर म्हणजे मागच्या बाजूला उतरत्या टिनाखालची जागा, तिच्या डोक्याला लागेल इतकी ठेंगणी. लग्न होऊन आली तेव्हापासून स्वयंपाक करताना आपण मान सरळ केलेली नाही, हे तिने एकदा मेथी तोलता तोलता सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, उन्हाळ्यात ऊन फार असतं असं सांगावं तसं.

आता त्यांनी शेताच्या कडेला घर बांधलं होतं. स्वयंपाकघर मागच्या टोकाला, शेताकडे खिडकी. ओटा करायची वेळ आली तेव्हा मिस्त्री नेहमीच्या उंचीची खूण करत होता. हिने त्याला थांबवलं, भिंतीला लागून उभी राहिली, कोपर वाकवलं आणि म्हणाली, इथं रेघ मारा. एवढा उंच ओटा चांगला दिसत नाही, असं मिस्त्रीने सांगून पाहिलं. पण रेघ तिच्या कोपराखालीच पडली. हे तिने मला दोनदा तरी सांगितलं असेल.

वास्तुशांतीला आठ-दहा दिवस होते तेव्हा तिने मला घराचा फोटो काढायला बोलावलं. फ्रेम करून पुढच्या खोलीत लावायचा होता. मी गेले ती लेन्स घेऊनच. घर छान होतं, पण साधं होतं, आणि साधं घर साधंच दाखवायचं तर मला बोलावलं कशाला, असा माझा तोरा. मी गच्चीवर चढले, पुढच्या कठड्याशी बादली पालथी घातली आणि तिच्यावर उभी राहून मागच्या दिशेने फोटो घेतला. अख्खी गच्ची आली, मागचं शेत आलं, वर आभाळ आलं. माझ्या पायाशी गच्ची मैदानाएवढी पसरलेली, बाजूचे कठडे वाकत वाकत मागे गेलेले, आणि मागचं टोक, ज्याच्या खाली स्वयंपाकघर होतं, काडेपेटीएवढं.

वहिनीने तो बराच वेळ पाहिला. घर एवढं मोठं आहे का, असं तिने विचारलं. मी ऐटीत म्हटलं, “जे आहे तेच येतं फोटोत.”

एका वाक्यात मी किती मोठी थाप मारली, हे मला माहीत होतं. कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. तिच्या नवऱ्याने तो फोटो हौसेने नागपूरला नोकरी करणाऱ्या थोरल्या भावाला पाठवला होता, आणि त्या भावाने ओळखीच्या एका वास्तुवाल्याला दाखवला होता. वास्तुवाल्याने घर न पाहता, फोटो पाहून निकाल दिला: पुढे रुंद आणि मागे निमुळतं, म्हणजे घर वाघमुखी. दुकानाला चालतं, राहायला चालत नाही. त्यात स्वयंपाकघर नेमकं त्या निमुळत्या टोकाला, म्हणजे धोका घरातल्या बाईला. मागचा भाग पाडून मोकळा ठेवा, नाहीतर राहायला जाऊ नका. थोरले दीर काही वाईट माणूस नव्हते. भावजयीच्या जिवाला काही होऊ नये म्हणूनच ते अडून बसले होते, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं.

नवऱ्याने मिस्त्रीला विचारलं, मागची रुंदी बरोबर आहे ना? मिस्त्रीने त्याच्याकडे न बघता उत्तर दिलं, आता प्लास्टर झाल्यावर काय मोजता. त्याचं ते तोंड चुकवणं पाहून घरातल्या सगळ्यांची खात्रीच पटली.

“ताई, फोटोत येते ते खरंच असते ना?” वहिनीने विचारलं. “तुमीच म्हणलं होतं.”

मी घाईघाईने सांगायला लागले की ती लेन्सच तशी आहे, जवळचं फुगवते, लांबचं आवळते, सरळ भिंतीला पोट काढते. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुमी माह्या मनासाठी बोलून राह्यल्या,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओटा फोडायला माणसं येणार होती.

मी स्टुडिओला कुलूप लावलं, मोजायची टेप पिशवीत टाकली आणि स्कूटर काढली. आयुष्यात स्वतःवर इतकी क्वचितच चिडले असेन. एका बाईने जन्मात पहिल्यांदा आपल्या मापाची एक गोष्ट करून घेतली होती, आणि माझ्या हौसेपायी त्या ओट्यावर घण पडणार होता.

वहिनीचा नवरा भाजीच्या वाफ्यांत होता. मी त्याला बांधावर बोलावलं आणि त्याच लेन्सने वाफ्यांचा फोटो काढून हातात दिला. पायाजवळचे वाफे खाटेएवढे रुंद, लांबचे सगळे एकमेकांना चिकटलेले. हे वाफे दोरी लावून सरळ पाडले होते ना, मी विचारलं. तो एकदा फोटोकडे बघे, एकदा शेताकडे. मग त्याने हात पुढे करून स्वतःचा फोटो काढायला लावला. पंजा चेहऱ्याच्या दुप्पट आलेला पाहून तो कितीतरी दिवसांनी हसला असावा. त्याला पटलं. पण नागपूरला फोन लावला तेव्हा थोरल्या भावाने एकच सांगितलं, मला वाफे नको, आकडा सांग.

आम्ही गच्चीवर गेलो. पुढच्या कडेला टेप धरली, चोवीस फूट. तेवढ्यात खाली उरलेलं काम करत असलेला मिस्त्री शिडी चढून आला. टेपला झोळ आहे, म्हणाला. वारा आहे, म्हणाला. कठडा सोडून मोजा, कठडा धरून मोजू नका, म्हणाला. त्याचं बोलणं ऐकून मलाच शंका आली. मागे खरंच कमी भरलं तर? लेन्सच्या नावाखाली खरोखरच निमुळतं घर निघालं तर?

मागच्या कडेला टेप ताणली. नवऱ्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला. चोवीस फूट चार इंच.

मिस्त्री कठड्याशी बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. आखणीच्या दिवशी एका बकरीने खुंटी हलवली होती, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा जोतं वर आलं होतं. मग त्याने ती तफावत भिंतीत आणि प्लास्टरमध्ये जिरवली आणि कोणाला काही सांगितलं नाही. फोटोवरून ओरड झाली तेव्हा त्याला वाटलं, कॅमेऱ्याने आपली चूक पकडली. “चार इंचाची चूक हाये माही,” तो खाली मान घालून म्हणाला. “फोटोत बराबर आली.”

मी विचारलं, जास्त कुठे आहे, पुढे की मागे? मागे. म्हणजे पुढे अरुंद आणि मागे रुंद. नवऱ्याने भावाला फोन लावला, भावाने वास्तुवाल्याला, आणि आम्ही तिघं गच्चीवर उन्हात वाट बघत राहिलो. दहा मिनिटांनी उत्तर आलं. घर गोमुखी आहे, राहायला उत्तम, काही म्हणजे काही पाडू नका. वास्तुशांतीला मी येतोच, असंही थोरल्या भावाने सांगितलं.

चाळीस फूट लांब घरात चार इंचांनी काहीही होत नाही, हे मला कळतं. पण त्या दिवशी मी मुकाट्याने गाईच्या बाजूने होते. जीव भांड्यात पडला तसं हसूच आवरेना. बादलीवर बसून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मिस्त्री आधी बिचकून माझ्याकडे बघत होता, मग तोही हसायला लागला. चार इंचांबद्दल त्याला पुढे कोणी बोललं नाही. उलट वास्तुशांतीला त्याला टोपी आणि टॉवेल मिळाला आणि त्याने तो बऱ्यापैकी ऐटीत घेतला.

वहिनी मोजणीला वर आलीच नव्हती. मी खाली गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात फळीवरचे डबे उतरवून पोत्यात भरत होती. उद्या घण पडला की धूळ बसेल म्हणून. मी तिला गोमुखी, चार इंच, बकरी, सगळं एका दमात सांगितलं. हातातला डबा तिने खाली ठेवला नाही, तसाच छातीशी धरला.

“वाघ असो का गाय असो,” ती म्हणाली, “मले इथं उभं राहू द्या म्हणजे झालं.”

मग पोत्यातले डबे आम्ही दोघींनी मिळून पुन्हा फळीवर लावले. मी चहा मागितला. तिने नव्या ओट्यावर शेगडी ठेवली आणि चहा मांडला. साखर घालताना तिची पाठ सरळ होती, मान सरळ होती, कोपर ओट्याच्या बरोबर वर. मी पिशवीतून साधी लेन्स काढली, माणसाच्या डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवणारी. दाराच्या चौकटीला पाठ लावली, कॅमेरा वर-खाली न वाकवता समोर धरला आणि एकच फोटो घेतला. खिडकी अर्धीच आली, फळी आलीच नाही. आली ती वहिनी, ओट्याशी उभी.

कॅमेरा तिच्या हातात दिला. ती चहा उतू जाईपर्यंत बघत राहिली.

“मी एवढी उंच हाये?” तिने विचारलं.

जे आहे तेच आलंय, मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.