जावळाआधीचे फोटो

उंब्रजला मेहुण्याच्या लग्नात मी छत्तीस फोटोंच्या रोलवर पन्नासच्या आसपास फोटो काढले आणि तरी रोल संपेना, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मी मांडवभर सांगत सुटलो की कॅमेरा भारी असला की रोलसुद्धा पुरवून वापरतो. पाव्हण्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंना मी तीन-तीनदा उभं केलं, शेवटी त्या वैतागून का होईना हसल्या. साताऱ्याला परतल्यावर रोल धुवायला टाकला, तर स्टुडिओवाल्यानं कोरी पट्टी उजेडाला धरून दाखवली. रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. मी दिवसभर खटका दाबत होतो आणि रोल आपल्या डबीत निवांत झोपला होता. लग्नाला ठरवलेला फोटोग्राफर होता म्हणून बरं, नाहीतर मेहुण्याचं लग्न झालं याला पुरावा उरला नसता. सासूबाई मात्र पुढं वर्षभर, भेटेल तेव्हा, "जावयाचं फोटू कवा येणार" म्हणून विचारत राहिल्या. त्यांना खरं सांगायची हिंमत घरात कुणालाच झाली नाही.

कॅमेरा काही लग्नासाठी घेतला नव्हता. बायकोला दिवस गेले होते, आणि आमचं पहिलंच मूल. त्याचा प्रत्येक रुसवाफुगवा टिपून ठेवायचा असं मी ठरवून टाकलं होतं. ऑफिसातल्या मित्रांनी बजावलं होतं, साधा डबा घे, दाब की निघाला फोटो. पण मला मासिकांतून वाचून वाचून एसएलआरचा नाद लागला होता. साध्या डब्यात बघायचं भोक वेगळं आणि फोटो काढणारी काच वेगळी. एसएलआरमध्ये ज्या काचेतून फोटो निघतो तिच्यातूनच आपण बघतो. जे दिसतं तेच येतं. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी मलाच ते शास्त्रवचन वाटायला लागलं.

घ्यायला सांगलीला गेलो. दुकानदारानं काउंटरच्या काचेवर दोन कॅमेरे मांडले. एक लहान, गुळगुळीत. दुसरा जडशीळ, सगळं हातानं करायचं असा. उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, माणूस किती लांब आहे, सगळं आपण ठरवायचं. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, हा शिकावा लागतो, साहेब. माझा हात लहान कॅमेऱ्याकडं वळायला लागला होता. तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या बायकोनं तो जड कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. रस्त्यापलीकडं हळदीची पोती भरलेल्या गाडीजवळ एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. दुकानदारानं तिला काचेभोवतीची कडी फिरवायला शिकवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाकी समदं पुसून एकाच माणसाला ठिवतोय ह्यो."

मग दुसऱ्या कॅमेऱ्याकडं आम्ही पाहिलंच नाही.

लग्नातल्या फजितीनंतर बायकोनं फर्मान काढलं: हात बसेपर्यंत रोल भरायचा नाही, रिकाम्या कॅमेऱ्यावर शिका. मी शिकू लागलो. आत बघितलं की मधोमध एक गोल दिसायचा, मधून कापलेला. समोर सायकल उभी असली तर तिचं चाक त्या गोलात दोन तुकडे होऊन दिसायचं. कडी फिरवत दोन्ही तुकडे जुळले की समजायचं, आता नीट दिसतंय. मी सायकल जुळवली, दोरीवरचे कपडे जुळवले, शेजारच्यांची कोंबडी जुळवायला गेलो तर ती दर वेळी अर्धीच सापडायची.

पुढं मुलगी झाली. आई पलूसकडच्या गावातून बाळंतिणीपाशी आली आणि आल्या दिवशीच तिनं कॅमेरा पाहिला. "जावळ हुईस्तवर पोरीचा फोटू काढायचा न्हाई," ती म्हणाली. बस, एवढंच. कारण तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण ते मला ठाऊक होतं. वडिलांनी हयातीत एकदाच सांगितलं होतं. माझ्याआधी एक मुलगा झाला होता. त्याला सांगलीच्या एका स्टुडिओत नेऊन, खुर्चीला उशी टेकवून फोटो काढला होता, आणि फोटो घरी आला त्याच महिन्यात तो तापानं गेला. तेव्हापासून आमच्या घरात पहिलं जावळ निघेपर्यंत लेकरासमोर कॅमेरा धरत नाहीत. माझा स्वतःचा सगळ्यात जुना फोटो चांगला पाटी-दप्तर घेऊन उभा असलेला आहे.

मी वाद घातला नाही, पण वकिली केली. म्हटलं, रोल नसला तर फोटो निघत नाही, मग नुसतं बघायला काय हरकत आहे? आईनं विचार केला आणि अट घातली. मी कॅमेरा हातात घेतला की ती म्हणायची, "उघड बघू." मी मागचं झाकण उघडून दाखवायचो. ती आत बोट फिरवून खात्री करून घ्यायची, मग मान हलवायची. दुधात पाणी किती ते तपासावं तसं हे रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चालायचं. एखाद्या दिवशी मी उशिरा आलो तर तीच विचारायची, आज बघायचं न्हाई का रं तुला?

आणि मी बघायचो. पाळण्यात, मांडीवर, पुढं पुढं लोड लावून बसलेली. कापलेल्या गोलात तिचं कपाळ एकीकडं, डोळे एकीकडं. कडी फिरवली की लेक जुळून यायची. खटक्याचा आवाज तिला फार आवडायचा. आवाज झाला की ती हसायची. आता एसएलआरचं असं आहे की खटका दाबला की आतला आरसा वर उडतो आणि क्षणभर डोळ्यासमोर अंधार होतो. ती हसायची नेमकी त्या अंधारात. उजेड यायचा तेव्हा हसू उतरणीला लागलेलं असायचं. मी पुन्हा दाबायचो. बायको म्हणायची, "रोल असता तर भिकंला लावलं असतं तुमी." आई पण हसायची. असे किती फोटो काढले असतील, कोण जाणे.

जावळ गावी काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्यानं पहिली बट कापायची, म्हणून उंब्रजहून मेहुणा यायचा होता. आम्ही दोन दिवस आधीच गावी गेलो. आदल्या दिवशी सकाळी आईच म्हणाली, "भर आता रोल." सोप्यावर सगळे जमले आणि मी रोल भरला. टोक चाकात अडकवलं, झाकण लावलं, आणि एकेक घर पुढं सारताना डावीकडची गुंडी फिरते का, म्हणजे रोल खरंच सरकतोय का, हे बायकोनं डोळे लावून पाहिलं. फिरली. नव्या झबल्याची घडी कॅमेऱ्याशेजारी ठेवली.

त्या दुपारीच पोरगी तापली. आधी वाटलं प्रवासानं. संध्याकाळी श्वास लागला तशी जीप करून सांगलीला नेली. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. फुप्फुसात कफ झालाय म्हणाले, लहान जीव आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, जावळाची वेळ होती त्याच सुमाराला, तिला घेऊन आम्ही परत आलो.  मेहुणा दारात उभा होता, डोक्याला फेटा बांधलेला. तो सोडायचं त्याला सुचलं नव्हतं.

इतक्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि त्याला वेळ लावत नाहीत. माणसं बाहेर खोळंबली होती. सोप्यावर बायको मांडीवर तिला घेऊन बसली होती. तिनं तिला नवं झबलं घातलं होतं. जावळ तसंच होतं, कपाळावर आलेलं.

आई आतून कॅमेरा घेऊन आली. माझ्या हातात दिला.

"काढ," ती म्हणाली.

मला वाटलं तिचं डोकं फिरलंय. बाहेरून कुणीतरी म्हणालं, म्हातारे, आता कशाला. तिनं तिकडं पाहिलंही नाही. माझ्याशीच बोलली, पण बोलत होती सुनेकडं बघून.

"त्याचा फोटू म्या कृष्णेत सोडला. फोटूनं न्हेला म्हणून. आता तोंड आठवाय गेलं तर आठवत न्हाई. नुस्ती खुर्ची दिसती. काढ रं. आता काय ऱ्हायलंय नजर लागाय."

त्या मुलाबद्दल आई आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि पुढंही कधी बोलली नाही.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. गोलात कपाळ एकीकडं, डोळे एकीकडं. कडी फिरवत राहिलो. हात बसलेला होता, रोज तेच करत होतो, पण दोन तुकडे जवळ यायचे आणि पुन्हा सरकायचे. सगळं पाण्यातलं दिसत होतं. शेवटी जुळल्यासारखं वाटलं. बोट खटक्यावर ठेवलं. तेवढ्यात बायकोनं लेकीचं तोंड स्वतःकडं वळवलं, छातीशी धरलं आणि वरून पदर ओढला. आत मला नुसता पदर दिसत राहिला, लुगड्याचा हिरवा रंग, अगदी स्वच्छ. मी खटका दाबला नाही.

 पदरावरूनच नातीच्या डोक्यावर हात ठेवून आई खाली बसली. मग बाहेरची माणसं आत आली.

आम्ही साताऱ्याला परतलो. रोल तसाच आत ठेवून मी कॅमेरा ट्रंकेत घातला. आई गावीच राहिली. बायको सगळं करत होती, स्वयंपाक, पाणी, शेजारणींशी चार शब्द. लेकीचा विषय ती काढायची नाही, मीही काढायचो नाही. मला वाटायचं, फोटो काढू दिला नाही ते बरंच केलं. तसं तोंड कायमचं घरात ठेवून काय करायचं होतं? तिला काय वाटत होतं ते मला कळत नव्हतं. पाळणा बांधायच्या कडीकडं बघत ती मध्येच थांबायची, एवढंच.

पावसाळा सरता सरता एका रविवारी मी दारात पेपर वाचत बसलो होतो. ती उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, तुमी तर रोज बघत हुतासा त्यातनं."

मी पेपर खाली घेतला.

"हसली की खळी कुठल्या गालाला पडायची?"

"डाव्या," मी लगेच म्हणालो. म्हणालो आणि मग डोळे मिटून बघायला लागलो. अंधार, आणि उतरणीला लागलेलं हसू.

"मला उजव्या वाटतंय," ती म्हणाली.

ती आणखी थोडा वेळ निवडत राहिली. घरात दुसरं कुणी नव्हतं, ज्याला विचारावं. मग तिनं सूप बाजूला सरकवलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "असू द्या. दोन्ही गालांला पडायची म्हणू."