चकतीतला धागा
रबरी हातमोज्यांचा वास आला की पनवेलची ती प्रयोगशाळा आठवते. लिथियमला हवा लागू नये म्हणून तिथे बंद पेटीत हातमोज्यांतूनच काम करावं लागे. लिथियमची पट्टी आणि चिनी मातीसारखी पांढरी चकती, अशी द्रव नसलेली बॅटरी मी तीन वर्षं घडवत होते. शेवटी लिथियमला धागे फुटू नयेत म्हणून त्यावर नवा लेप दिला आणि ती अकरा दिवस टिकली. बेलपाड्याहून येणारे आमचे मदतनीस काका रोज सकाळी आधी संगणकाचा पडदा बघून मला सांगत, "चालू हाय!" बाराव्या दिवशी मात्र ते दारातच उभे होते. "नाय चालत, मॅडम." मी बॅटरी उघडली. लेप असूनही लिथियमचा केसाएवढा काळा धागा चकती भेदून आरपार गेला होता आणि आतल्या आत शॉर्टसर्किट झालं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा विषय आता थांबवू या." ते गेल्यावर काकांनी हळूच विचारलं, "येवढ्याशा धाग्यानं?"  आता मी शाळेत विज्ञान शिकवते. पेपरात नव्या बॅटरीची बातमी दिसली की पान उलटते. कुणाला तरी ते जमलं, हे मला अजून वाचवत नाही.