भुसावळचं कस्टम

कस्टमचे साहेब मी आयुष्यात दोनच जवळून पाहिले. एक मस्कतच्या विमानतळावरचा, खरा. दुसरा भुसावळला आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला, म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा, आमचे नंदोई. त्या दोघांत खरा साहेब परवडला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझे यजमान भुसावळजवळच्या वीज केंद्रात टर्बाइनवर होते. त्यांना मस्कतला नोकरी लागली, तीही बायको नेता येईल अशी. क्वार्टर सोडायचं होतं, म्हणजे संसारच उचलून न्यायचा होता. भांडीकुंडी, अंथरुणं, एक रेडिओ आणि माझी शिलाई मशीन. बाकीचं काही राहिलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं. मशीनचं तसं नव्हतं. माझं माहेर एदलाबादजवळचं. आता त्याला मुक्ताईनगर म्हणतात. केळीचा बाग कापला तेव्हा वडिलांनी ती मला घेऊन दिली होती. लग्नात नाही, लग्नाच्या आधी मुद्दाम, म्हणजे उद्या कोणी तिला हुंड्यात धरायला नको. कॉलनीतल्या निम्म्या बायकांची पोलकी मी तिच्यावर शिवली. ज्या गावाची भाषा येत नाही, जिथे एक दार ओळखीचं नाही, तिथे दिवसभर चार भिंतींत करायचं काय, याचं माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते मशीन होतं. पायडल इथे ठेवायचं, वरची मशीन खोलून चादरीत बांधून न्यायची, असं आमचं ठरलंही होतं.

तेवढ्यात धुळ्याहून नंदोई आले.

हे गृहस्थ कुवेतला एका गोदामात दोन वर्षं पेट्या मोजून आले होते. परत आल्यापासून काही करत नव्हते, फक्त परत आलेले होते. घरातही काळा चष्मा लावायचे. गावात कोणी दुबईचं नाव काढलं तरी यांचा सल्ला तयार, उचलली जीभ लावली टाळ्याला. एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या काखेत रिकामी पोती गुंडाळलेली होती. पाहुणा रिकामी पोती घेऊन येतो तेव्हाच माणसाने ओळखावं. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि आमच्या सासूबाई ग्रहांना फार भिणाऱ्या. त्यांनी त्याच पोत्यांवर बसायला सतरंजी घातली.

नंदोई म्हणाले, तिकडे विमानतळावर अब्रू जाण्यापेक्षा इथेच तपासून घेऊ. मग आमचा सगळा संसार अंगणात मांडला गेला. शेजारपाजार गोळा झाला. साहेब ओट्यावर बसले, हातात वेताची छडी, आणि छडीने एकेका वस्तूला टोचत निकाल देऊ लागले.

सगळ्यात आधी त्यांनी मसाल्याच्या सामानातून खसखशीची पुडी काढली. खसखस अफूच्या बोंडातली, तिकडे सापडली तर थेट तुरुंग. हे मात्र खरं होतं, पुढे मला तिकडेही सगळ्यांनी सांगितलं. त्या एका खऱ्या पुडीवर त्यांनी उरलेला दिवस काढला. माणसं एकदा घाबरली की पुढचं काहीही विकता येतं. घागर? अरबांच्या देशात पितळ चालत नाही. रेडिओ? हेर समजतात. माझ्या आईने शिवलेली गोधडी? ती ते उसवून बघणार, त्यापेक्षा इथेच राहू द्या. जे जे अडणार होतं ते ते साहेबांच्या पोत्यात जात होतं, सांभाळायला म्हणून. खसखशीची पुडीसुद्धा त्यांनी फेकली नाही, खिशात घातली. आमच्याकडे कुंपणच शेत खात होतं आणि आम्ही त्याला चहा करून देत होतो.

डब्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. स्टीलच्या डब्यांत त्यांना रस नव्हता.

मग छडी मशीनवर आली. बाईमाणूस मशीन घेऊन उतरली की ती धंदा करायला आली असं धरतात, म्हणाले, आणि नवऱ्याचा व्हिसा तिथल्या तिथे रद्द. मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी कोणाचा झालेला बघितला? त्यांनी चष्मा वर केला, लहान पोरीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हाई तठे चालाव नही." हे तिथे चालणार नाही, एवढाच निकाल.

मी यजमानांकडे पाहिलं. ते ट्रंकेची कडी नीट बसते की नाही हे बघत होते. चांगली बसत होती ती कडी. इतका वेळ बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पाव्हणा शिकेल शे, दुनिया पाहेल शे. झालं. पायडलसकट मशीन टेम्पोत चढली आणि धुळ्याला गेली. टर्बाइन चालवणारा माणूस मेहुण्यापुढे विझतो, हे मला त्या दिवशी समजलं. त्याची मला चीड आली आणि आजही येते.

मस्कतला उतरलो. सामान तपासायच्या रांगेत आमच्या पुढे एक केरळची बाई होती. तिच्या पुढ्यात फुलाफुलांच्या चादरीत बांधलेलं काहीतरी होतं, आणि चादरीतून हाताचं चाक बाहेर आलेलं दिसत होतं. कस्टमच्या साहेबाने चादरीवर एक टिचकी मारली, खडूने फुली केली आणि हात हलवला. जा. ती शिलाई मशीन डोलत दारातून बाहेर गेली आणि मी उघड्या तोंडाने बघत राहिले.

मग आमची ट्रंक उघडली. साहेबाने कुकरचं झाकण काढलं. आत मूठभर तांदूळ, एक हळकुंड, एक सुपारी. त्याने डबा उघडला. तांदूळ, हळकुंड, सुपारी. दुसरा डबा, तिसरा डबा, चहाचं पातेलं, दुधाचं भांडं, सगळ्यांत तेच. सासूबाईंनी निघायच्या दिवशी आम्हाला न सांगता प्रत्येक भांड्यात शकुन घालून ठेवला होता. घरातून रिकामं भांडं बाहेर जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. अंगणात दिवसभर कस्टम चाललं, पण खऱ्या कस्टमला जे सापडायचं ते कोणी बघितलंच नव्हतं. साहेबाने हळकुंड नाकाला लावलं, मोडलं, पुन्हा हुंगलं. यजमान पुढे झाले. त्यांना हिंदीत शब्द सुचेना, इंग्रजीत तर नाहीच. शेवटी हिंदी समजणाऱ्या एका हमालाला मी सांगितलं, सासूने घातलंय, रिकामी भांडी पाठवत नाहीत. त्याने अरबीत काहीतरी सांगितलं. साहेब हसला. बहुतेक त्यालाही सासू असावी. त्याने ट्रंकेवर फुली मारली.

तिथे मी काही वर्षं काढली. त्या केरळच्या बाईचा फ्लॅट नेमका आमच्याच इमारतीत निघाला. दुपारी भिंतीपलीकडून तिची मशीन वाजायची. माझ्याकडे कात्री होती, टेप होती, दोऱ्याची रिळं होती, कापड बेतायचा निळा खडू होता. कारण तो शिवणाचा डबाही स्टीलचा, त्यामुळे भुसावळच्या कस्टममधून सुटलेला. मशीन तेवढी नव्हती. मी हाताने पडदे टाचत बसायचे आणि धुळ्याच्या दिशेने मनातल्या मनात शिव्या मोजायचे. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात पडून आहे, या दुःखापेक्षा ती एका मूर्खाने नेली याचा राग मोठा असतो.

नव्वदच्या दशकात आम्ही भुसावळला परत आलो. सामान लावायच्याही आधी मी टेम्पो ठरवला आणि धुळ्याला गेले. शिवणाचा डबा बरोबर घेतला. यजमान टेम्पोतच बसून राहिले, ते एका परीने बरंच झालं.

नंदोई आरामखुर्चीत. चष्मा तोच. दाराशी माझी पितळी घागर, तिच्यात प्लास्टिकची फुलं. गादीवर माझ्या आईची गोधडी. आणि समोर, भिंतीला लागून, माझी मशीन. आत दुमडून वर फळी टाकलेली, फळीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर टीव्ही. इतकी वर्षं ती मशीन टीव्हीचं टेबल होऊन उभी होती. अक्का, म्हणजे माझी नणंद, पाणी घेऊन आली. मी विचारलं, तुम्ही शिवत नाही हिच्यावर? ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, दोनदा विचारलं होतं, घरात लोकांची पोलकी शिवलेली यांना शोभत नाही. कमाई नसलेल्या माणसाला शोभेची फार काळजी असते.

मी डबा उघडला, निळा खडू काढला आणि घागरीवर फुली मारली. गोधडीच्या कोपऱ्यावर मारली. रेडिओवर मारली. नंदोई म्हणाले, हे काय चाललंय? मी म्हटलं, कस्टम. मग मशीनच्या फळीवर अशी ठळक फुली मारली की खडू मोडला.

"आते टीव्ही कोठे ठेवाना?" नंदोईंनी विचारलं. एवढ्या वर्षांनी त्यांना पडलेला प्रश्न हा.

त्याचं उत्तर अक्काने दिलं. तिने दोन्ही हातांनी टीव्ही उचलला आणि जमिनीवर ठेवला. मी मशीन वर काढली. चाक गंजून बसलं असणार अशीच माझी खात्री होती, पण बोट लावताच ते गरकन फिरलं. मी अक्काकडे बघितलं. तिने स्वयंपाकघरातून तेलाची छोटी बुधली आणली आणि माझ्या डब्यात ठेवली. हे बाहेर गेले की मी तेल घालायचे, म्हणाली.

माझा राग इतका वेळ मशीनसाठी होता, तो एका क्षणात अक्कासाठी झाला. म्हटलं, अक्का, तुम्हीच ठेवा ही. ती नको म्हणाली. "आठे ऱ्हायनी तं परत टीव्हीच बसी. तू ली जाय, मी भुसावळले ईसन शिवसू." मग तिने माझ्या हातातला खडूचा तुकडा बघितला, खुर्चीकडे बघितलं, आणि चेहरा जराही न हलवता म्हणाली, "वहिनी, यासले बी एक फुली मारी दे."

मी नंदोईंकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. तपासणी म्हणजे तपासणी. मग खडू डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"नको अक्का," मी म्हणाले, "हाई तठे चालाव नही."