आमदारांचा शब्द

सरकारी दवाखाने खाजगी कंपन्यांना देणारं विधेयक विधानसभेत येणार होतं. माझी थोरली बहीण, अक्का, आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस घ्यायची. आम्ही पेशंटांचे नातेवाईक आमदारांच्या कोल्हापुरातल्या बंगल्यावर गेलो, तेव्हा तीही हट्टानं आली.

"सायेब, विरोधात मत द्या. दवाखाना गेला तर मी जगायची न्हाय," ती म्हणाली. त्यांनी तिचे सुजलेले हात हातात घेऊन शब्द दिला.

मतदानाला ते सभागृहात गेलेच नाहीत. विधेयक मंजूर झालं. मी वॉर्डात जाऊन अक्काला सांगितलं. तिला आमदारांचीच काळजी वाटली.

"आजारी पडलं असतील की रं बिचारं. जाऊन बघून ये."

दवाखान्यावर कंपनीची पाटी लागली आणि थोड्याच दिवसांत अक्का गेली.